नजरबंदीचा आद्य कारागीर : दादासाहेब फाळके

१९१२ सालचे अखेरचे महिने होते. कल्याण-कर्जत लोहमार्गावरील वांगणी या लहानशा खेड्यात एके दिवशी ढाली, तलवारी आणि भाले घेतलेला अनोळखी माणसांचा एक जथा येऊन उतरला. आज अंबरनाथ तालुक्यात मोडणारे हे गाव मुरबाडच्या सीमेपासून फारसे दूर नाही. डोंगर, रान आणि मोजकी घरे असलेल्या त्या मुलखात हत्यारबंद परके म्हणजे दरोडेखोर, असे समीकरण गावकऱ्यांच्या मनात पक्के होते. पाटलाला वर्दी गेली, पाटलाने फौजदाराला कळवले आणि सारी मंडळी अटकेत पडली. हत्यारे लाकडी आहेत, आपण एका नाटकासारख्या गोष्टीचे फोटो काढायला आलो आहोत, हे त्यांचे सांगणे कोणालाच पटेना. मागून येऊन पोहोचलेल्या त्यांच्या म्होरक्याने आपली लाकडी पेटी उघडून दाखवली, हलणारी चित्रे कशी घेतली जातात हे समजावून सांगितले, तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. हा म्होरक्या म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. ज्या चित्रपटाच्या बाह्यचित्रणासाठी ही मंडळी वांगणीला आली होती, तो होता ‘राजा हरिश्चंद्र’.

हा प्रसंग विनोदी किस्सा म्हणून अनेकदा सांगितला जातो. परंतु दादासाहेबांचे पुढचे सारे आयुष्य ज्या गोष्टीभोवती फिरले, तिचे बीज त्यात आहे. डोळ्यांना दिसते ते आणि प्रत्यक्षात असते ते, यांच्यातील फटीत दादासाहेब काम करीत होते. लाकडाची तलवार खरी वाटावी, पुरुष तारामती वाटावा, माणसाचे मस्तक धडावेगळे होऊन हवेत तरंगावे आणि पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहावा, यासाठी लागणारे तंत्र त्यांनी भारतात जवळजवळ एकट्याने रुजवले. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचा गौरव झाला, त्यांच्या नावाचा पुरस्कार देशातील चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च सन्मान ठरला. या गौरवाच्या गर्दीत त्यांच्यातील कारागीर, नजर फसवणारा तंत्रज्ञ, काहीसा मागे राहिला.

आज आसनगावहून लोकल पकडून कल्याण-मुंबईकडे माध्यमांचा अभ्यासक्रम शिकायला जाणारा शहापूरचा एखादा विद्यार्थी वर्गातल्या प्रकल्पासाठी भुताचा लघुपट करतो. माहुलीच्या पायथ्याशी दोन रात्री चित्रण करतो आणि संगणकावर बसून चेहरा वितळवतो, आकृती पारदर्शक करतो, चित्राला पाण्यासारखे तरंग आणतो. एका थरावर दुसरा थर ठेवायचा, नको तो भाग मुखवट्याने झाकायचा, एक चित्र दुसऱ्यात विरघळवायचे. बटणे नवी असली तरी यांतील बहुतेक क्रिया शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि नाशिकच्या एका बंगल्यात त्या हाताने, अंधारात, मोजून-मापून केल्या गेल्या होत्या. तेथे चूक झाली तर मागे जाण्याची सोय नव्हती.

धुंडिराजांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंदशास्त्री, अर्थात दाजीशास्त्री, हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. पौरोहित्याचे घराणे असल्यामुळे पुराणकथा मुलाच्या कानांवर बालपणापासून पडल्या. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगांकडे होता. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील वर्षभराचे शिक्षण आटोपून थोरल्या बंधूंसमवेत तो बडोद्याला गेला आणि तेथे कलाभवनात त्याच्या आयुष्याला वळण लागले.

सयाजीराव महाराजांच्या काळातील बडोदे हे शिकू पाहणाऱ्या तरुणासाठी भाग्याचे ठिकाण होते. कलाभवनाचे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला छायाचित्रणाची प्रयोगशाळा वापरू दिली. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरचना यांबरोबर फाळके अंधारखोलीत रमू लागले. १८९० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. पुढे रतलामला जाऊन तिरंगी ठसे तयार करणे, शिळाछाप आणि छायाचित्रण यांचा मेळ घालणे, असे त्या काळी अगदी नवे असलेले मुद्रणतंत्र ते शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी त्यांना सुवर्णपदक मिळाले. चित्रकला, रसायन, रंगमंच आणि छपाई या चार वाटा तेव्हा एकमेकींपासून दूर भासत होत्या. वीस वर्षांनी त्या एकाच पेटीत येऊन मिळणार होत्या, याची त्यांना कल्पनाही नसावी.

पोटासाठी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्राचे दुकान काढले. त्या काळी लोकांच्या मनात एक भीती होती. हे यंत्र माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेते आणि छायाचित्र काढवून घेणारा लवकर मरतो, असा समज पसरला होता. गिऱ्हाईक फिरकेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि अपत्य यांना हिरावून नेले. उद्ध्वस्त मनाने ते बडोद्याला परतले. चित्राबद्दल माणसाला वाटणारी भीती त्यांनी इतक्या जवळून पाहिली होती, ही बाब त्यांच्या चरित्रात सहसा एका वाक्यात उरकली जाते. मला ती महत्त्वाची वाटते. प्रतिमा ही निरुपद्रवी वस्तू नसून तिच्यात माणसाला हादरवण्याची ताकद असते, हा धडा त्यांना कलाशाळेत मिळालेला नव्हता.

याच सुमारास ते जादूच्या नादी लागले. देशोदेशी प्रयोग करीत हिंडणारा जादूगार कार्ल हर्ट्झ याच्याशी त्यांचा परिचय झाला असे सांगितले जाते. हातचलाखीचे खेळ शिकून त्यांनी जाहीर प्रयोग केले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटवून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव धारण केले. हा छंद वरवरचा नव्हता. जादूगाराला प्रेक्षकाची नजर कोठे आहे, ती कोठे वळवायची आणि नेमक्या कोणत्या क्षणी वस्तू बदलायची, हे जाणावे लागते. चित्रपटातील चमत्काराचे मर्मही तेच आहे. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा आणखी एक जादूगार १८९६ पासून हेच करीत होता. चित्रण चालू असता कॅमेरा क्षणभर अडकला आणि पुन्हा चालू झाल्यावर रस्त्यावरची गाडी पडद्यावर एकाएकी शववाहिका झालेली दिसली, अशी हकीकत तो सांगत असे. कॅमेरा थांबवून वस्तू बदलली तर डोळा फसतो, हे त्याने त्यातून हेरले. सातासमुद्रांपलीकडचे हे दोघे एकाच पंथाचे होते.

१९०२ मध्ये फाळके यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी पुढे येईलच. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली, ती त्यांनी काही वर्षांत सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या मुद्रणाचे काम केले, छापखाना दादरला हलवला, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. काम नावाजले गेले, पण भागीदारांशी पटले नाही आणि फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय चाळिशीचे, संसार वाढलेला आणि पुढे अंधार.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातील तंबूवजा सिनेमागृहात त्यांनी थोरल्या मुलासमवेत प्राण्यांवरील एक चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन ते पुन्हा गेले, तेव्हा ईस्टरनिमित्त ख्रिस्तचरित्र दाखवले जात होते. पडद्यावरील ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. ही कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. तिचा पुढचा भाग मात्र तितकासा सांगितला जात नाही. फाळके यांनी मिळतील ते सर्व चित्रपट पाहण्याचा सपाटा लावला. रोज चार-पाच तास ते लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर बसत आणि उरलेला वेळ घरी चित्रफितींची चिरफाड करण्यात, पुस्तके आणि साधने यांत घालवत. झोप उडाली. या अतिश्रमाने त्यांच्या डोळ्यांवर घाला घातला आणि काही काळ त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. इतरांच्या डोळ्यांना भूल घालण्याची विद्या शिकण्यासाठी या माणसाने स्वतःचे डोळे पणाला लावले होते.

आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभारला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. तेथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांशी ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत वॉल्टन येथील स्टुडिओचे मालक सेसिल हेपवर्थ यांची भेट झाली. हा योग विलक्षण होता. हेपवर्थ हे इंग्लंडमधील क्लृप्तीचित्रपटांचे जाणकार. १९०० मध्येच त्यांनी भरधाव गाडी थेट प्रेक्षकांच्या अंगावर येते आणि पडदा काळा होतो असा एक लहानसा, धडकी भरवणारा चित्रपट केला होता. दुसऱ्यात मोटारगाडीचा स्फोट होऊन माणसांचे अवयव आकाशातून खाली पडतात. अशा माणसाच्या स्टुडिओत फाळके यांना चित्रण कसे चालते हे जवळून पाहता आले. मोजक्या दिवसांचे ते शिक्षण घेऊन, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी करून आणि कच्ची फीत व छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी मायदेशी परतले.

भांडवलदारांना या नव्या धंद्याची खात्री कशी पटवायची, हा प्रश्न होता. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. ‘अंकुराची वाढ’ ही ती चित्रफीत. मिनिटभर चालणारी फीत म्हणजे सुमारे हजारभर चौकटी. रोप मातीतून वर येते, वळते, वेल होऊन आधार शोधते आणि हे सारे प्रेक्षकाच्या देखत घडते. काळालाच पिळून आटवण्याचा हा खेळ पाहून पैसे लावणारे पुढे आले. उरलेली तूट सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

त्या काळच्या कॅमेऱ्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे, म्हणजे पुढच्या करामतींचे मोल कळेल. कॅमेरा हाताने फिरवायचा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला साधारण दोन फेरे. हात मंद फिरवला तर पडद्यावरची माणसे धावू लागतात, जलद फिरवला तर ती तरंगू लागतात. एखादी आकृती विरघळत नाहीशी व्हायला हवी असेल तर फेरे मोजत भिंगाची झडप हळूहळू मिटवायची. मग भिंगावर झाकण ठेवून तितकेच फेरे उलटे फिरवून फीत मागे घ्यायची आणि झडप हळूहळू उघडत दुसरे दृश्य त्याच तुकड्यावर घ्यायचे. याला दुहेरी छाप म्हणत. काळ्या मखमली पडद्यासमोर उभ्या असलेल्या नटाचे जेवढे अंग उजळलेले असेल तेवढेच फितीवर उमटते, उरलेली फीत कोरी राहते आणि त्या कोऱ्या जागेत नंतर दुसरे चित्र बसवता येते. धुऊन काढीपर्यंत काय झाले हे कळण्याचा मार्ग नव्हता. फेरे मोजण्यात चूक झाली तर दोन्ही दृश्ये वाया.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मृतात्म्यांची म्हणून जी छायाचित्रे विकली जात, तीही अशाच दुहेरी छापेची करणी होती. आपण आज भुताची धूसर आकृती म्हणून जी ओळखतो, तिचा उगमच मुळी या अंधारखोलीतला आहे.

दादरच्या घरातच फाळके यांचा कारखाना सुरू झाला. परदेशातून आलेल्या कच्च्या फितीला छिद्रे नसत. ती रात्री अंधारात पाडावी लागत आणि हे काम सरस्वतीबाई करीत. रसायने मिसळणे, फीत धुणे, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतवणे आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हा त्यांचा दिनक्रम. भारतीय चित्रपटाच्या जनकाची चर्चा होते त्या मानाने या जननीची झाली नाही. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी तो दाखवला गेला. विश्वामित्राच्या यज्ञज्वाळांमध्ये अडकलेल्या तीन स्त्रियांचे दृश्य हे त्यातील दुहेरी छापेचे ठळक उदाहरण. तेथूनच राजाच्या दुर्दशेला आरंभ होतो. चमत्कार कथेच्या मध्यावर बसला आहे, शोभेसाठी चिकटवलेला नाही.

त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. घाट, वाडे, मंदिरे, रान आणि नदी हे सारे पौराणिक चित्रपटांना तेथे आयते उपलब्ध होते. मुंबईची चित्रगृहे आणि नाशिकचा कारखाना यांना जोडणारा लोहमार्ग कल्याण, आसनगाव, खर्डी, कसारा असा शहापूर तालुका ओलांडून थळ घाट चढत होता. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया पडद्यावर आल्या. ‘सत्यवान सावित्री’ आला. १९१४ मध्ये दादासाहेब पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या चित्रपटांच्या तांत्रिक सफाईचे कौतुक झाले, परंतु महायुद्ध पेटले आणि सारे बेत कोलमडले. पुन्हा कर्ज, पुन्हा वणवण.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने ही कोंडी फोडली. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमान उड्डाण करतो, दूर जाताना लहान लहान होत जातो, शेपटी पेटते आणि लंका जळते. लोक दूरदूरच्या गावांहून येत. राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडत, पायांतील वहाणा काढत. जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागल्याची आठवण आजही सांगितली जाते.

त्याच सुमारास दादासाहेबांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक लहानशी चित्रफीतही केली. तिचा काही भाग उपलब्ध आहे. कोट-टोपीतील दादासाहेब नटांना सूचना देतात, फीत तपासतात, तिची जुळणी करतात. आपली गुपिते झाकून ठेवणे हा जादूगाराचा धर्म. ‘प्रोफेसर केल्फा’ यांनी तो मोडला, कारण त्यांना या देशात एक धंदा उभा करायचा होता.

१९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. २४ ऑगस्ट १९१८ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘श्रीकृष्णजन्म’ झळकला. बालकृष्णाची भूमिका दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. या चित्रपटाचा अल्पसा भाग वाचला आहे आणि सुदैवाने कंसाच्या भयस्वप्नाचा प्रसंग त्यात आहे. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ ठरणार, या विचाराने पछाडलेल्या कंसाला भास होतो. त्याचे मस्तक धडापासून सुटते, वर उचलले जाते, हवेत राहते आणि पुन्हा खाली येऊन खांद्यांवर बसते. धड तेथेच आसनावर आहे.

हे दृश्य आज पाहिले तर तंत्र उघड दिसते. कडा किंचित थरथरतात, दोन छापांतील उजेड पूर्ण जुळत नाही. तरीही ते काम करते. कारण येथे विकृत झालेले चित्र हे कंसाच्या मनाचे चित्र आहे. प्रेक्षकाला देव दाखवण्यासाठी वापरलेली क्लृप्ती दादासाहेबांनी येथे एका माणसाची भीती दाखवण्यासाठी वापरली. फ्रान्समध्ये आबेल गान्स यांनी १९१५ साली वक्र आरशांतून चेहरे आणि देह ताणून एका वेड्या शास्त्रज्ञाची कथा चित्रित केली होती. जर्मनीत वाकड्यातिकड्या भिंतींचा ‘डॉ. कॅलिगरी’ १९२० मध्ये आला. त्या दोहोंच्या मधल्या काळात, नाशिकमध्ये, एका त्र्यंबकच्या शास्त्र्याच्या मुलाने राजाचे डोके उडवले होते. भारतीय पडद्यावरील भयाच्या अगदी सुरुवातीच्या प्रतिमांत तिची गणना व्हायला हवी. लगोलग १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ‘सैरंध्री’त कीचकाचा वध इतका अस्सल दाखवला की प्रेक्षागृहात लोकांना भोवळ आली आणि तो प्रसंग कापावा लागला. तोवर मराठी चित्रपट भय दाखवायला शिकला होता.

मे १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ आला आणि मॅजेस्टिकमध्ये महिनोन्महिने चालला. आरंभीच मंदाकिनी कृष्णाचा वेष चढवण्यापूर्वी कॅमेऱ्याकडे पाहून एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते. हसते, रागावते, घाबरते. ही लहान मुलगी आहे, हे आधी सांगून मग तिलाच देव म्हणून उभे करायचे, हे धाडस त्या काळात कोणी करावे? नंतर डोहातील युद्ध येते. पाण्याखालचा आभास, नागाचे वेढे आणि त्यांत लपेटलेले ते मूल. भूल घालण्यापूर्वी भूल घालणार असल्याचे सांगूनही प्रेक्षक भुलतो, एवढा आत्मविश्वास दादासाहेबांना आला होता.

हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस होता आणि येथूनच उतरण लागली. खर्च, वेळापत्रक, अधिकार यांवरून भागीदारांशी खटके उडाले. त्यात दोष केवळ भागीदारांचा होता असे म्हणता येत नाही. दादासाहेब हट्टी होते, मनाजोगे झाल्याखेरीज दृश्य सोडत नसत आणि पैशाचा हिशोब हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता. कंपनी सोडून ते काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ नावाचे प्रदीर्घ नाटक लिहिले. काही काळाने ते कंपनीत परतले आणि त्यांनी अनेक चित्रपट केले, पण पूर्वीची झळाळी आली नाही. आता मुंबई, कोल्हापूर, कलकत्ता येथे तरुण कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. कॅमेरा हलू लागला होता, नट नाटकी हातवारे सोडू लागले होते. दादासाहेबांचा कॅमेरा बहुधा एका जागी उभा राहून समोरचा रंगमंच टिपत असे. दुहेरी छापेला स्थिर कॅमेरा अत्यावश्यक होता, हे त्याचे एक तांत्रिक कारण. जे तंत्र त्यांनी इतक्या कष्टाने कमावले, तेच त्यांना एका जागी खिळवून ठेवत होते.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे युग संपत आले. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून मराठीत बोलती केली. दादासाहेब त्या वेळी ‘सेतुबंधन’ या मूकपटात गुंतले होते. पैशाअभावी रखडलेल्या त्या चित्रपटाला नंतर ध्वनी जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट. साठी उलटलेल्या दादासाहेबांनी त्यात पुन्हा एकदा आपल्या करामतींची पोतडी उघडली. पण आता अशा करामती हे एका वेगळ्या कारागिराचे स्वतंत्र काम होऊ लागले होते. त्याच वर्षीच्या ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या आणि लोक त्यांना ‘काला धागा’ या नावानेच ओळखू लागले. लेखन, दिग्दर्शन, चित्रण, धुलाई, जुळणी आणि जादू हे सारे एकाच माणसाने करण्याचे दिवस सरले होते.

उत्तरायुष्यात दादासाहेब नाशिकला राहिले. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात त्यांचा सत्कार झाला आणि व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने जमवलेली पाच हजारांची रक्कम त्यांना घरासाठी देण्यात आली. ज्या धंद्यात तोवर कोट्यवधी गुंतले होते, त्याने आपल्या जनकाला दिलेली ही रक्कम होती. पॅरिसमध्ये मेलिएस यांनी उत्तरायुष्यातील काही वर्षे रेल्वे स्थानकात खेळणी विकत काढली होती. हेपवर्थ यांचे दिवाळे १९२४ मध्ये निघाले आणि त्यांच्या चित्रफिती चांदीसाठी वितळवल्या गेल्या. पहिल्या पिढीतील या तीन किमयागारांच्या नशिबी आलेले साम्य विषण्ण करणारे आहे.

तरीही दादासाहेबांचे मन चित्रपट सोडायला तयार नव्हते. महायुद्धामुळे कच्च्या फितीची टंचाई होती आणि चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. चौऱ्याहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या या वृद्धाने परवान्यासाठी अर्ज केला. १९४४ च्या फेब्रुवारीत नकाराचे पत्र आले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले. वृत्तपत्रांत फारसा गाजावाजा झाला नाही.

त्यांच्या चित्रपटांची संख्या सामान्यतः ९५ आणि लघुपटांची २६ अशी दिली जाते. नायट्रेटच्या ज्वालाग्राही फितीवर चित्रित झालेला हा ठेवा बहुतांशी जळून, कुजून वा भंगारात जाऊन नष्ट झाला. जे तुकडे मागे राहिले ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे जतन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून जी रिळे दाखवली जातात, ती मूळ चित्रपटाची की दादासाहेबांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. ‘कालियामर्दन’ बऱ्याच अंशी पाहायला मिळतो. ‘श्रीकृष्णजन्म’चे साडेपाच-सहाशे फूट उरले आहेत. म्हणजे जेमतेम दहा मिनिटे. कंसाचे मस्तक त्या दहा मिनिटांत आहे.